फ्रेमवाल्यांचा नफा

“मग हे एक लाख ब्याऐंशी हजार गेले कुठे?”

वहिनींनी कागद काउंटरवर असा आपटला की फ्रेमवाल्यांनी नुकतीच कापलेली काच थरथरली. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच. मधे फक्त प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे पुढचं ऐकायला मला कान टवकारावेही लागले नाहीत.

“अगं, हळू. ते बँकेसाठी केलेलं पत्रक आहे.”

“बँकेला दाखवायला नफा आणि घरात म्हणे खडखडाट! तीन वर्षं फ्रिजचं दार दोरीने बांधतेय मी. नवीन मागितला की ‘पुढच्या महिन्यात बघू’. पंचवीस वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला तुमच्यावर. खरं सांगा, कुठे दडवलेत?”

खरं म्हणजे हा माणूस काही दडवणाऱ्यातला नव्हे. त्याला स्वतःच्या खिशातला रुमाल सापडत नाही. पत्रकही त्याने वाचलं नव्हतं. सही कुठे करायची तेवढं विचारलं, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवून दिलं. तिथेच ते वहिनींच्या हाती लागलं.

“मला काय माहीत? हिशेबनिसाने लिहिलंय,” फ्रेमवाले म्हणाले आणि प्रकरण आणखी चिघळलं.

“चला त्याच्याकडे. भाऊजी, तुम्हीपण चला. मला एकटीला हे दोघं मिळून गुंडाळतील.”

मी दुकानाला कुलूप लावलं. अशी संधी रोज येत नाही.

हिशेबनिसाची खोली दुसऱ्या मजल्यावर. पाहुण्यांसाठी खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे फ्रेमवाले उभे राहिले. आरोपीला ते शोभलंही.

“ताई, नफा म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे,” हिशेबनीस म्हणाला. “फ्रेम करून दिली की विक्री झाली. पैसे आले नसले तरी आपण ते धरतो.”

“न आलेले पैसे धरता?”

“धरावेच लागतात.”

“मग मलाही एक फ्रिज नुसता धरून द्या.”

मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. हिशेबनिसाने कोरा कागद ओढला. “हे बघा. चोपन्न हजारांचा माल यंदा जास्तीचा पडून आहे.”

“ती सोनेरी पट्टी!” वहिनी नवऱ्याकडे वळल्या. “सांगत होते ना, घेऊ नका म्हणून?”

“स्वस्त होती गं.”

“अहो, ती कोणी फुकट नेणार नाही!”

“दुसरं म्हणजे,” हिशेबनीस घाईघाईने म्हणाला, “नव्वद हजार यांनी दुकानातून काढून नेले.”

“बघा!” वहिनी उठून उभ्याच राहिल्या. “कोणाला दिलेत?”

“तुला,” फ्रेमवाले इतक्या वेळात पहिल्यांदा ठामपणे बोलले. “महिन्याला साडेसात हजार. घरखर्चाला.”

वहिनी हळूच बसल्या. साडेसात हजारांत ही बाई घर कसं चालवते याचं पत्रक कोणी करत नाही, असं माझ्या मनात आलं. पण ती बोलायची वेळ नव्हती.

“आणि उरलेले अडतीस हजार येणे. लोकांकडून यायचेत. ही यादी. जे येणारच नाहीत त्यांच्यावर काट मारा, मी ते बुडीत खाती टाकतो.”

वहिनींनी टेबलावरची पेन्सिल उचलली. “बोला. हा व्यायामशाळावाला?”

“त्याने स्वतःचेच आठ फोटो नेले. दंड फुगवलेले. तो देत नाही.”

वहिनींनी काट मारली. “हा शाळामास्तर?”

“देईल गं. बायको गेली त्याची. फोटो न्यायला आला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. पैसे कसे मागायचे?”

“बेकरीवाला?”

“वडील.”

“ही नर्स?”

“भाऊ होता. धाकटा.”

पेन्सिल शेवटच्या ओळीपर्यंत नुसतीच सरकत गेली आणि थांबली. “‘घरचे. मोठा फोटो, काळी पट्टी. सहाशे चाळीस.’ हे कोण?”

फ्रेमवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला कळलं. वहिनींची आई सहा महिन्यांपूर्वी गेली. तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. खिळा ठोकायला मीच गेलो होतो.

“हे खरं तर घरखर्चात जायला हवं,” हिशेबनीस म्हणाला. “मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“सासूबाईंना खर्चात कसं घालू?” फ्रेमवाले म्हणाले. “आणि बुडीतातही घालणार नाही.”

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. यादीची घडी करून पर्समध्ये टाकली. मग जिना उतरून त्यांनी थेट फ्रेमचं दुकान गाठलं.

मी माझं कुलूप काढायचं सोडून त्यांच्याच दुकानात घुटमळलो. वहिनींनी पर्समधून चुरगळलेल्या नोटा काढल्या, एकेक सरळ करून काउंटरवर ठेवल्या. सहाशे चाळीस.

“अगं, राहू दे ना.”

“येणे आहे ना? मग घ्या. पावती फाडा.”

फ्रेमवाल्यांनी पावतीपुस्तक काढलं. “नाव कोणाचं घालू?”

“आईचं.” वहिनींनी डोळे पुसले. “आणि बाकीच्यांवर काट मारू नका. देतील तेव्हा देतील. त्या पैलवानावर मारली ती मारली.”

मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या रिळाकडे गेलं. फोटो टांगायची जाड दोरी. त्यांनी ती ओढून पाहिली, दोन हात मोजली, कात्रीने कापली आणि बोटांभोवती गुंडाळली.

“ही मजबूत आहे. फ्रिजला बरी पडेल,” त्या म्हणाल्या, आणि दारातून वळून, “एवढी मात्र घरखर्चात लिहा.”