उसातलं अस्वल

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत बिबट्या आहे, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कुणाचंही कुत्रं सांगेल. पण किती आहेत हे मात्र मोजावं लागतं, आणि त्यासाठी उसाच्या कडेकडेने कॅमेरे बांधले होते. समोर काहीही हललं की कॅमेरा फोटो काढायचा. काहीही म्हणजे काहीही. शेळी, कुत्रं, वाऱ्याने हललेलं पाचट, उसाला पाणी द्यायची मोटर चालू करायला निघालेला शेतकरी दत्ता. या ढिगातून बिबटे वेचायचं काम शिरूरच्या एका कॉलेजात करुणाकडे होतं.

ढीग हाताने उपसायचा नव्हता. क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा लांबच्या कंपनीच्या इमारतीत, एक तगडं मशीन भाड्याने घ्यायचं, त्याला इंटरनेटवरून फोटो पाठवायचे आणि त्याने ते ओळखायचे, असा मामला होता. ओळखणारा प्रोग्राम परदेशात शिकलेला होता, आणि परदेशात शिकलेल्यांचं गावाकडे आल्यावर जे होतं तेच त्याचं झालं. त्याला ऊस कळेना. पाचट हललं की तो वाघ म्हणायचा. दत्ताच्या बैलाला त्याने एकदा गवा म्हटलं, तेव्हा दत्ता आठवडाभर खूष होता.

आणि एके दिवशी त्याने अस्वल दाखवलं. भीमेच्या काठचा ऊस, पहाटेचा अंधार, आणि पाचटात फतकल मारून बसलेलं काळं धूड. खात्री त्र्याण्णव टक्के.

करुणाचे गाइड इमॅन्युएल सर सज्जन आणि घाबरट. ते वनखात्याला फोन लावायला निघाले. करुणाने फोटो मोठा केला आणि म्हणाली, "सर, थांबा. अस्वलाच्या पायात रेल्वेचे बूट आहेत."

बूट तिच्या चांगलेच ओळखीचे होते. घोंगडीही ओळखीची होती. घोंगडीच्या फटीतून बाहेर आलेलं उसाचं कांडकं तेवढं नवीन होतं.

म्हाळू आबा, म्हणजे करुणाचे आजोबा, दौंडच्या रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. रिटायर झाल्यापासून भीमाकाठच्या वस्तीवर राहत. डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि चांगुणा आजीने ती खरोखरच बंद केली होती. घरातला गूळसुद्धा तिने कुलपात घातला. साखर उतरावी म्हणून आबा रोज पहाटे फिरायला जायचे आणि साखर काही केल्या उतरत नव्हती. आजी डॉक्टरला नावं ठेवायची. आबा सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणायचे. त्यातली न दिलेली वस्तू घेऊ नये ही ओळ आणि खोटं बोलू नये ही ओळ अलीकडे ते जरा घाईने म्हणू लागले होते.

करुणाने त्यांना गोठ्यामागे गाठलं आणि मोबाइल पुढे धरला.

आबांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "चांगला आलाय की," ते म्हणाले.

"आबा, साखर किती वाढलीय ठावं हाय का? आन् ऊस कुणाचा?"

"दत्ताचा. त्यो डुकरांच्या नावानं बोंबलतोय, बोंबलू दे." मग त्यांचा आवाज उतरला. "करुणे, आजीला सांगू नगं. जलमभर तिनं माझा शब्द खरा धरलाय."

करुणाने शब्द दिला, पण फुकट नाही दिला. ती कुणाची नात होती. घोंगडीतला माणूस अस्वल नव्हे, हे मशीनला शिकवायला तिला तसे पुष्कळ फोटो हवे होते. बसलेले, उभे, पाठमोरे, उजेडातले, अंधारातले. आबांनी महिनाभर रोज कॅमेऱ्यासमोर बसून पोझ दिली. तिने नुसतं फिरायला सांगितलं होतं. पण ऊस खाल्ल्याशिवाय ते त्यांना नैसर्गिक वाटेना. "शास्त्रासाठी खातोय," ते म्हणायचे, आणि आणखी एक कांडकं मोडायचे.

मशीन शिकलं. ऊस शिकलं, पाचट शिकलं, दत्ताचा बैल शिकलं. आणि माणूस दिसला की त्याचा फोटो गुपचूप वेगळ्या खणात टाकायला शिकलं, कारण शेतात माणसं काय करतात हे जगाने बघायचं कारण नाही. त्या खणाला करुणाने नाव दिलं 'आबा' आणि वर पासवर्डचं कुलूप घातलं.

या सेटअपचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. पुण्यातल्या एका बड्या संस्थेतून सत्यजीतचा फोन आला. सत्यजीत तिच्याबरोबर एमएस्सीला होता. तेव्हाही तो जर्नल बघायला न्यायचा आणि ते पुन्हा दिसायचं नाही. "तुझा सेटअप दे ना," तो म्हणाला. "नुसता बघायला."

क्लाउडवर हे सोपं असतं. आपण सजवलेलं मशीन सगळ्या प्रोग्रामांसकट जसंच्या तसं दुसऱ्याला देता येतं. त्याच्याकडे हुबेहूब तसंच उभं राहतं, आणि आपलं तसूभरही कमी होत नाही. तरी करुणा घुटमळत होती. आजीने विचारलं, काय झालं. करुणाने सांगितलं, विरजणासारखं आहे बघ, चमचाभर दिलं की त्याच्याकडेही दही लागतं.

"मग द्यायचं की," आजी म्हणाली. "इरजण मागाया आलेल्याला माघारी लावू न्हाई. वाटी तेवढी रिकामी परत येऊ नये."

करुणाने दिलं. देण्याआधी खण रिकामा करायचा असतो, हे मात्र ती विसरली. आबा घोंगडीसकट सत्यजीतच्या घरी गेले.

वाटी काही परत आली नाही. रिकामीही नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला शिरूरला सभा ठरली. दोन्ही तालुक्यांत कॅमेरे वाढणार होते, आणि ज्याचं मशीन चांगलं त्याच्याकडे पुढचं सगळं काम जाणार होतं. ज्यांच्या शेतात कॅमेरे त्या शेतकऱ्यांनाही बोलावलं होतं. करुणाची नेमणूक संपत आली होती. हे काम मिळालं तर ती राहणार होती, नाहीतर रांजणगावच्या कुठल्यातरी कंपनीत गेटवरच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवत बसणार होती. तिने इमॅन्युएल सरांबरोबर आठवडाभर तयारी केली. पण मशीन दाखवायचा पहिला नंबर सत्यजीतचा लागला, आणि त्याने पडद्यावर जे उघडलं ते बघून सरांच्या हातातला पेला तसाच राहिला.

तिचाच सेटअप होता. रंग बदलला होता आणि वर पुण्याच्या संस्थेचं नाव होतं.

"आमच्या टीमने दोन वर्षं घेतली," सत्यजीत सांगत होता. करुणाच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. आता आपण उठून तेच दाखवणार, आणि लोक म्हणणार, हिने त्याचं उचललं.

वनखात्याच्या भाग्यश्री मॅडम बारीक डोळ्यांच्या होत्या. त्यांनी स्वतःजवळचं, शेतातल्या कॅमेऱ्याचं ताजं कार्ड पुढे केलं. "यातले फोटो लावा." मशीनने ते भराभर निवडले आणि पडद्यावर खण मांडले. बिबट्या. शेळी. कुत्रं. पाचट. आबा.

"हे आबा काय आहे?"

सत्यजीतने तो खण आयुष्यात पाहिला नव्हता. "तो एक मोठा सस्तन प्राणी आहे, मॅडम."

"कुठला?"

"वर्गीकरण चालू आहे. निशाचर आहे. उसावर जगतो."

मागे शेतकऱ्यांत खसखस पिकली.

"उघडा बघू."

उघडेना. कुलूप होतं. सत्यजीतने दोन-चार पासवर्ड टाकून पाहिले आणि किल्ली सहकाऱ्याकडे राहिल्याचं सांगितलं.

करुणा अर्धी उठली. पासवर्ड तिच्या जिभेवर होता. आणि तिला पहिल्या रांगेत आजी दिसली. नातीचं कौतुक बघायला आजी दौंडच्या बाजारातलं नवं लुगडं नेसून आली होती, पिवळ्यावर काळे ठिपके. शेजारी आबा कडक इस्त्रीत. करुणा खाली बसली.

"बोल की," सर कुजबुजले.

"शब्द दिलाय, सर."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. करुणाला वाटलं, संपलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची वाजली.

"म्याडम," आबा उभे राहून म्हणाले, "त्यो परानी मी हाय."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

"म्हाळू म्हनत्यात मला. त्या पोराला ठावं न्हाई, कारन त्येनं ते केलेलंच न्हाई. माझ्या नातीनं केलंय. कुलूपबी तिचंच. करुणे, जा, उघड."

"आबा, राहू द्या," करुणा म्हणाली.

"उघड म्हनतो ना."

तिने जाऊन उघडलं. पडदाभर आबा आले. आबा घोंगडीत, आबा पाठमोरे, आबा डोळे मिटून रस गिळताना. जुन्या फोटोंखाली अस्वल लिहिलेलं, पुढच्यांखाली आबा. मशीन कसं शिकत गेलं ते शेंबड्या पोरालाही कळावं. सगळ्यांत मागून दत्ताचा आवाज आला, "आरं तिच्या. आन् मी डुकरासाठी बुजगावनं लावलं व्हय." मग जे हसू फुटलं ते मॅडमनाही आवरेना. सत्यजीत आपली वायर गुंडाळत होता; ती बराच वेळ गुंडाळत होता.

हसली नाही ती एक आजी. ती पडद्याकडे बघत होती, एकेक फोटो, शेवटचा होईपर्यंत.

काम करुणाला मिळालं. तरी परतीच्या एसटीत तिला आनंद करायची सोय नव्हती. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत आजी खिडकीबाहेर बघत होती.

"आबा, कशाला बोललात?" करुणाने हळूच विचारलं.

"ऊस काय, ह्या साली न्हाई तर म्होरल्या साली. तुझं नाव एकदा दुसऱ्याच्या नावावर चढलं असतं म्हंजी मग कोन उतरवनार?" मग खालच्या आवाजात, "हिनं आता जेवाया घातलं म्हंजी झालं."

आजीने जेवायला घातलं. बाजरीची भाकरी, कारल्याची भाजी, आणि एक अक्षर नाही.

करुणाने सेटअप सगळ्या जगाला खुला केला. वर स्वतःचं नाव, खाली एकच अट: घ्या, पण वाटी रिकामी पाठवू नका. या खेपेला तिने खण आठवणीने रिकामा केला. नाव मात्र आबाच ठेवलं. आसामातून कुणीतरी मशीनला हत्ती शिकवून पाठवला, केनियातून कुणी तरस. सत्यजीतचीही वाटी आली. त्यात काही नव्हतं, फक्त आभार होते. आजी म्हणाली, "मीठ तरी घालायचं."

आबांचं फिरणं चालूच राहिलं. फिरायलाच जातो, या वेळी खरंच, असं ते म्हणाले. आजी हूं म्हणाली.

आठवड्याने करुणाने भीमाकाठचं कार्ड लावलं. मशीनने फोटो निवडले आणि लाल अक्षरात इशारा दिला. माणसाच्या अगदी मागे बिबट्या, हल्ल्याच्या तयारीत. खात्री सत्त्याण्णव टक्के. तिने फोटो मोठा केला. पुढे आबा, तोंडात कांडकं, डोळे मिटलेले. मागे दोन हातांच्या अंतरावर, पाचटात दबा धरून, ठिपक्यांचं लुगडं. हातात काठी.

संध्याकाळी तिने फोटो आबांना दाखवला. ते गालाला हळद लावून बसले होते.

"मशीन चुकलंय, आबा. त्याला आजी शिकवावी लागंल. तुम्ही परत पोझ द्याल का?"

आबांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि मोबाइल परत दिला.

"नगं शिकवू," ते म्हणाले. "बराबर वळाखलंय त्येनं."