अर्धवट उठलेले काउंट

माझी बायको ओर्सोला चित्रं काढते आणि मी तिचे रंग घोटतो. आमच्या बोलोन्या शहरात याचं कुणाला नवल वाटत नाही. वाटलंच तर माझ्या सासूबाईंना. एके वर्षी काउंट ताद्देओंनी त्यांचं चित्र काढायला तिला वाड्यावर बोलावलं. थोराड माणूस, अंगात काळं मखमल, घरभर मूर्ती, नाणी आणि जुनी चित्रं. खोड एकच, त्यांना एका जागी बसवत नसे.

ओर्सोलाने कुंचला उचलला की हे उठलेच.

"बाई, त्या संगमरवरी मुलीचं नाक पाहिलंत? बंदरावर तीन दिवस तळ ठोकून आणलीय तिला."

"पाहिलं, सरकार. आता जरा तुमचं पाहू द्या."

ते हसून बसायचे आणि लगेच त्यांना दुसऱ्या मूर्तीची गोष्ट आठवायची. पंधरा दिवसांत मखमल झालं, पडदा झाला, मागची नाणीसुद्धा झाली. तोंडाच्या जागी मात्र नुसता तांबूस डाग.

मी म्हणालो, "जुन्या एखाद्या चित्रावरून तोंड उतरव आणि मोकळी हो."

"ते मेलेलं दिसेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने चित्रातला खुर्चीत बसलेला देह सरळ खरवडून टाकला. मी रंगाची वाटी धरून बघतच राहिलो. मग काउंट उठले की ती अडवेना. उलट विचारायची, "बरं, मग तो व्यापारी काय म्हणाला?" आणि इकडे हात चालूच.

चित्र पुरं झालं. एक हात खुर्चीवर, अंग अर्धं उठलेलं, ओठ उघडे, डोळ्यांत चमक. काउंटांचा चेहरा पडला.

"हा मी? बाजारात ओरडणाऱ्यासारखा? आमचे आजोबा बघा, कसे बसलेत."

काउंटांच्या पत्नी कामिल्लाबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"अहो, मला बघायला आलात तेव्हा असेच उठला होतात. बाबांचा फुटका घट दिसला म्हणून. मी तेव्हाच मनात हो म्हटलं."

"फुटका नव्हता," काउंट म्हणाले. "कान तेवढा गेला होता."

"तुम्हाला नको असेल, तर हे माझ्या खोलीत लावते."

काउंट आठवडाभर घुश्शात होते. मग फेराराहून एक पाहुणे आले, त्यांना चित्रातल्या बाहीवरची जाळीदार किनार दाखवायला म्हणून ते बायकोच्या खोलीत गेले. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांना घेऊन गेले. हिवाळ्यात मी चित्राला रोगण द्यायला गेलो, तेव्हा जिथे बाईसाहेब एकट्याच भरतकाम करत बसायच्या, तिथे चांगला अड्डा जमला होता.

"कामिल्ला, हे खाली दालनात नेऊ या का?" काउंटांनी विचारलं.

"इथंच बरं आहे," त्या म्हणाल्या आणि नोकराला आणखी चार खुर्च्या आणायला सांगितल्या.