वीतभर सूत म्हाळसाचं

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड, जराशी टोचरी. मऊ काही हवं असेल तर गादी शोधा बापहो!

निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी मन्नाएखेळ्ळीत रामलिंग धनगरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ पाजली. लोकर कातली त्याच्या बायकोनं, राजूबाईनं. टोकाचं वीतभर सूत तेवढं लेकीचं, म्हाळसाचं. ते कुठं बोटाएवढं जाड, कुठं केसासारखं बारीक!

मुलगी बघायला आलेल्यांना आमच्यात नव्या घोंगडीवर बसवायचे आणि ‘लोकर पोरीनं कातलीय’ असं ठासून सांगायचे. कातणारी आईच, हे सगळ्यांना ठाऊक. तरी पाहुणे माना डोलवायचे.

मादन हिप्परग्याहून अप्पाराव आणि बाणूबाई मुलाला, श्रीमंतला, घेऊन आले. म्हाळसाची दोन स्थळं आधीच मोडलेली. रामलिंगाचा जीव टांगणीला लागला होता. त्यानं माझं ते टोक दुमडून खाली दाबलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं.

बाणूबाईनं माझ्यावरून हात फिरवला. “व्हय गं पोरी?”

“न्हाई मावशी. आईनं कातलीय. माझं हे एवढंच.” म्हाळसानं वाकून दुमडलेलं टोक उलगडलं.

अगं बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कामून बोलायलीस?” रामलिंग दातओठ खात पुटपुटला.

“तिकडं गेल्यावर कातायला बसवतीलच की, अण्णा. तवा आईला बोलवू?”

बाणूबाई पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायला लागली. “माझ्या येळची घोंगडी चुलतीनं कातली होती. ह्यांना अजून सांगितलं न्हाई!”

अप्पारावांनी आ वासला. श्रीमंतनं घसा खाकरला. “हा कोट बी माझा न्हाई. मावसभावाचा हाय. पोरगी मला पसंत हाय.”

लग्न झालं. म्हाळसाबरोबर मीही हिप्परग्याला आले. कालवण खारट झालं की ती सासूला तोंडावर सांगते. बाणूबाई कपाळाला हात लावते, “मीच पसंत केली, आता भोगते!” पण गावभर सुनेचं कौतुकही तीच करते.

आता छप्पन साल लागलंय. परवा अप्पारावांनी विचारलं, “ही घोंगडी अजून पाहुण्यांला चालंल न्हवं?”

सगळे म्हणाले, चालेल की. म्हाळसानं मला उजेडात धरलं. “न्हाई मामा. हिच्यात दम ऱ्हायला न्हाई. कोकरांखाली अंथरा.”

फार लागलं हो मला! पण खोटं काय होतं त्यात? कोकरं अंगाला बिलगून झोपतात, तेवढं बरं आहे.

अशी सून तुमच्या घरी आली तर तिला गप्प बसवू नका. फक्त एवढं सांगा, म्हाताऱ्या घोंगडीबद्दल जरा हळू बोल.