चार नंबरच्या खिडकीतलं तेज

मानवजातीच्या चेहऱ्यावर खऱ्या अर्थाने उजेड पाडला तो तीनच शोधांनी: अग्नी, वीज आणि हायलायटर. त्या बुधवारी पहाटे डोमितिला बार्रियेन्तोसच्या घरातला गॅस संपलेला होता आणि वीज आलेली नव्हती, त्यामुळे मानवजातीचा सगळा भार तिसऱ्या शोधावर येऊन पडला.

हायलायटर म्हणजे पुस्तकातल्या ओळी पिवळ्या करणारा नव्हे. हा गालाच्या हाडांवर, नाकाच्या दांड्यावर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत टिपायचा. झोप न झालेली बाई त्याने रात्रभर गाढ झोपल्यासारखी दिसते, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. बाटली डोमितिलाची नव्हती. कार्यालयात शेजारच्या खिडकीत बसणाऱ्या युरिदियाने ती आदल्या दिवशी तिच्या पर्समध्ये कोंबली होती.

"तोंड बघ स्वतःचं," युरिदिया म्हणाली होती. "एक बाई मला विचारत होती, चार नंबरवालीच्या घरी कोण गेलं म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून कोणी नाही. पण बहुतेक तीच पहिली जाईल."

डोमितिला पाण्याच्या कार्यालयात होती. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला डोंगरउतारावर ज्या वस्त्या चढत गेल्या आहेत, त्यांच्या नळांना पाणी सोडून सगळं येतं: वारा येतो, गंज येतो, एकदा एकाकडे पाल आली होती. तिथल्या लोकांना टँकर लागतो, आणि टँकर हवा तर अर्ज घेऊन चार नंबरच्या खिडकीत यावं लागतं. दिवसभर डोमितिला लोकांना पाणी मिळवून देई. तिच्या स्वतःच्या गल्लीत मात्र नळ अपरात्री यायचा, आणि तोही यायचा म्हणजे आधी बराच वेळ खोकायचा. तो खोकला ऐकून उठायचं, पिंप भरायचं, बादल्या भरायच्या, शेवटी पातेली भरायची, आणि पाठ टेकेपर्यंत शेजाऱ्याचा कोंबडा सुरू. नवरा उत्तरेकडे ट्रक चालवायचा आणि फोनवर पाणी भरण्याविषयी उत्तम सल्ले द्यायचा.

परिणामी डोमितिला खिडकीत झोपायची. डोळे उघडे, हात शिक्क्यावर, आणि जीव कुठेतरी लांब. दोनदा साहेबीणबाईंनी तिला तशी पकडली होती. साहेबीणबाई म्हणजे लिसेन्सियादा ओर्तेन्सिया सामूदियो. कायद्याची पदवी होती, आणि ती नावाआधी लावल्याशिवाय त्या हाकेला ओ देत नसत. तोंडाला आयुष्यात पावडर लावली नव्हती, आणि लावणाऱ्यांकडे त्या थापाड्या माणसाकडे बघावं तसं बघत.

"पुढच्या वेळी डुलकी दिसली," त्या म्हणाल्या होत्या, "की तळघर."

तळघरात जुनं दप्तर होतं. त्या इमारतीत मुबलक पाणी फक्त तिथंच होतं, कारण ते भिंतीतून झिरपायचं. पण डोमितिलाला ओल सोसली असती. भीती वेळेची होती. खिडकी दुपारी बंद व्हायची, तळघर संध्याकाळी. आणि तिच्या इत्सेलची बालवाडी दुपारी सुटायची. दुपारपासून संध्याकाळपर्यंत चार वर्षांच्या पोरीने कुठे जायचं, याचं उत्तर फोनवर सल्ले देणाऱ्या नवऱ्याकडेही नव्हतं.

म्हणून त्या बुधवारी, मायक्रोबसमध्ये खिडकीपाशी जागा मिळताच, तिने बाटली काढली. आजूबाजूला नेहमीचाच देखावा होता. पुढची मुलगी चहाच्या चमच्याची कड लावून पापण्या वर वळवत होती, पलीकडची एक हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ओठ रंगवत होती. बस उडते तेव्हा हात उचलायचा आणि टेकते तेव्हा लावायचं, हे तिथल्या बायकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. डोमितिलानेही गालांवर ठिपके दिले, अनामिकेने थोपटले. नाकावर रेघ ओढली. डोळ्यांचे कोपरे झाले. आरशाच्या तुकड्यात तिला एक बाई दिसली, जिच्या गल्लीत बहुधा दिवसा पाणी येत असावं.

राहिलं कपाळ. युरिदियाने बजावलं होतं: कपाळाला अगदी एक थेंब, मधोमध. डोमितिलाने बाटली तिरकी केली, आणि नेमका त्याच वेळी ड्रायव्हरने एक गतिरोधक पूर्ण वेगात ओलांडला.

अर्धी बाटली कपाळावर आली.

"ताई, जास्त झालं," चमचावाली म्हणाली.

"रुमाल आहे का?"

"होता. काल पोराने नाक पुसलंय. चालेल?"

चाललं नसतं. डोमितिलाने बोटांनीच ते पसरवलं, वर बट ओढली आणि उतरली. कार्यालयात जाऊन पुसू, असा बेत होता. पण तो राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासांचा पहिला दिवस. उपवास न करणारे, वर्षभर चर्चची पायरी न चढणारे, सगळे त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच कामाला जातात. न घेता गेलं तर दिवसभर दहाजण विचारतात, आणि सगळ्यात आधी विचारणार लिसेन्सियादा. त्यामुळे ती कोपऱ्यावरच्या चर्चात शिरली आणि रांगेत उभी राहिली.

आत अंधार होता. तिच्या मागे चोलेआजी आल्या. डोंगरावरच्या एका गल्लीच्या म्हाताऱ्या, टँकरसाठी महिन्यातून अनेकदा खिडकीत यायच्या, त्यामुळे घरच्यासारख्याच झालेल्या.

"आज लवकर गं, पोरी?"

"आजी, हळू बोला. मागे लिसेन्सियादा आहेत."

होत्याच. आजींच्या मागे दोन माणसं सोडून, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, नजर थेट वेदीवर. डोमितिलाने जांभई गिळली.

राख लावणारा तरुण डीकन, म्हणजे पाद्र्यांचा मदतनीस, पहाटेपासून तेच करत होता. त्याने वाटीत अंगठा बुडवला, डोमितिलाची बट बाजूला केली आणि कपाळावर उभी रेघ ओढायला गेला. अंगठा घसरला. त्याने जरा जोर लावला. आडवी रेघही सुळकन गेली. डीकनने अंगठा डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला, खाली केला, आणि रात्री जागरण फार होतंय असं ठरवून अंगठा पुन्हा राखेच्या वाटीत चांगला घोळवला. मग चोलेआजींच्या कपाळावर टेकवला.

कार्यालयात युरिदियाने तिला पाहिलं आणि तिच्या हातातला तमालचा, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या पिठाचा, पाव टेबलावर पडला.

"हे काय गं?"

"काय?"

"तुझा क्रूस चमकतोय!"

डोमितिलाने आरशाचा तुकडा काढला. राख आणि हायलायटर एकमेकांत असे काही मुरले होते, की कपाळावर राखाडी क्रूस नव्हताच, चांदीचा होता. जरा मान हलली की त्यातून लखकन उजेड निघायचा.

"पूस लवकर!" युरिदिया म्हणाली.

"राख? आज? सकाळी सकाळी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

आता इथे युरिदियाने हात मागे घेतला. ती देवळाबिवळातली बाई नव्हती, पण राखेच्या बुधवारी राख पुसणारं माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. राख आपोआप जाईल तेव्हा जाते. कुणी पुसली आणि मग घरात काही झालं, तर नातेवाईक वर्षानुवर्षं तो बुधवार काढतात.

"मग बट ओढ," ती म्हणाली. "आणि मान हलवू नकोस."

मान न हलवता बसणं, हे तिने डोमितिलाला सांगायला नको होतं. दार उघडलं, लोक आत आले, शिक्के सुरू झाले. पूर्वेच्या उंच झरोक्यातून ऊन उतरत उतरत खिडकीच्या गजांपर्यंत आलं, तिच्या खांद्यावर आलं, उबदार वाटलं. पिंप, बादल्या, पातेली, सगळं लांब गेलं. बट सरकली. ऊन कपाळावर पडलं. डोमितिला झोपली, नेहमीसारखी, ताठ, पापण्या अर्ध्या उघड्या, हात शिक्क्यावर.

रांगेत पुढे एक दाढीवाला मिस्त्री होता. तो म्हणाला, "बाई, अर्ज." मग म्हणाला, "बाई?" मग टोपी काढली.

"काय झालं रे?" मागून आवाज आला.

"तुम्हीच बघा."

त्यांनी पाहिलं. गालांवर तेज, नाकावर तेज, डोळ्यांच्या कोपऱ्यांत तेज, आणि कपाळावर क्रूस असा पेटलेला, की वर छतावर त्याचा कवडसा थरथरत होता. बाई इथे होती आणि नव्हतीही.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

"श्श! ती त्याच्याशीच बोलतेय."

"काय बोलतेय?"

"पाण्याचं असेल. दुसरं काय बोलणार?"

रांग मोडली. तीन नंबरची माणसं चारकडे आली, पाच नंबरची आली, जन्मदाखल्याचं कार्यालय समजून चुकून शिरलेलं एक जोडपं आलं. युरिदियाने काचेवर टकटक केलं, खोकून पाहिलं, टेबलाखालून लाथ मारून पाहिली. मधली फळी आड आली. "ती झोपलीये हो!" असं ती म्हणणार होती, पण कोपऱ्यातल्या जिन्यावरून लिसेन्सियादा उतरताना दिसल्या, आणि तिने ते वाक्य तमालच्या घासाबरोबर गिळलं.

तेवढ्यात चोलेआजी पुढे आल्या. त्यांनी एकदा डोमितिलाकडे बघितलं, आणि गर्दीतून किंकाळी उठली. किंकाळी आजींची नव्हती. आजींकडे बघणाऱ्यांची होती.

"आजी, तुमचंपण!"

"माझं काय?"

"कपाळ! तुमचंही पेटलंय!"

कुणीतरी फोन उलटा करून आजींच्या तोंडासमोर धरला. आजींचा क्रूस डोमितिलाच्याइतका नव्हता, पण चमकत होता हे नक्की. आजींनी तो पाहिला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"मी हिच्या मागे उभी होते," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "चर्चात. अगदी मागे. तिच्या अंगावरून आलंय ते." आणि तिथेच फरशीवर बसल्या, मग गुडघ्यांवर आल्या. त्यांच्यामागे मिस्त्री. त्याच्यामागे सगळे. जन्मदाखलावालं जोडपंही, चौकशी न करता.

डोमितिलाला जाग आली ती शांततेने. त्या दालनात शांतता कधीच नसायची. तिने डोळे पूर्ण उघडले. समोर एकही चेहरा नव्हता. खिडकीबाहेर, असायला हवीत तिथे माणसंच नव्हती. खूप खाली, फरशीलगत, डोकी होती. कुणीतरी मेलं, हा तिचा पहिला विचार. आपणच मेलो, हा दुसरा.

मग तिला शेजारी श्वास ऐकू आला. तिच्या खुर्चीपाशी, काउंटरच्या आतल्या बाजूला, लिसेन्सियादा ओर्तेन्सिया सामूदियो उभ्या होत्या.

डोमितिलाच्या डोळ्यांपुढे तळघर आलं, ओल आली, आणि बालवाडीच्या फाटकाशी पाठीवर दप्तर घेऊन एकटी उभी इत्सेल आली. ती झोपली होती, साऱ्या दालनासमोर झोपली होती. आता खोटं बोलून भागण्यासारखं नव्हतं.

"लिसेन्सियादा, मी झोपले होते."

"नाही," लिसेन्सियादा म्हणाल्या.

"झोपलेच होते. रात्रभर पाणी भरत होते. आणि हे काही नाही, हायलायटर आहे. युरिदियाचा. बसमध्ये सांडला."

लिसेन्सियादांनी खिडकीबाहेरच्या लोकांकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "बघा. नम्रता."

दालनातून हुंकार उमटला. कुणी नाक ओढलं.

"बाटली दाखवू का? पर्समध्ये आहे."

"डोमितिला," लिसेन्सियादा खाली वाकल्या, आणि डोमितिलाने आजवर त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या आवाजात कुजबुजल्या, "मी आयुष्यात तोंडाला काही लावलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे. सगळ्या खात्याला माहीत आहे." त्यांनी अंबाड्यातून सुटलेले केस बाजूला केले. "मग हे काय आहे?"

क्रूस होता. बारीक, जरा अस्पष्ट, पण चांदीचा. डोमितिलाला डीकनचा अंगठा आठवला, चष्मा आठवला, राखेच्या वाटीत चांगलं घोळवणं आठवलं, आणि आजींच्या मागे दोन माणसं सोडून उभा तो ताठ अंबाडा आठवला. तिने तोंड उघडलं. लिसेन्सियादांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या कार्यालयात पाणी दिसणं ही तशी मोठीच गोष्ट. पलीकडून युरिदिया जिवाच्या आकांताने मान हलवत होती: नको, नको, नको.

"अंगठ्याला लागलं असेल," डोमितिला तरीही म्हणाली. "डीकनच्या. माझ्याकडून त्याच्याकडे, मग तुमच्याकडे."

"तेच म्हणतेय मी," लिसेन्सियादा म्हणाल्या. "तुमच्याकडून माझ्याकडे." आणि त्या हळूहळू, एक हात टेबलावर ठेवून, तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या.

युरिदियाने कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या कपाळालाही काही लागलंय का म्हणून तो हात तपासला.

"आणि तळघर?" डोमितिलाने विचारलं. तिला विचारणं भाग होतं. पोर तिची होती.

"तळघर?" लिसेन्सियादा चमकल्या. "तुम्हाला? हे लोक इमारत पेटवतील. आणि पेटवली तर विझवायला पाणी कुठून आणू?" त्यांनी डोळे पुसले. "ही खिडकी तुमची. निवृत्तीपर्यंत. दुपारपर्यंतच. मधून तुम्हाला जे होतं ते होऊ द्या, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त..."

त्या थांबल्या. डोमितिला पुढे झुकली. बाहेरची डोकी एकेक करून वर झाली. चोलेआजींनी कानामागे हात धरला. देवाने निवडलेल्या बाईकडे दुसरी निवडलेली बाई काय मागणार, हे ऐकायला मिस्त्रीने तर टोपीच चावली.

"फक्त जरा हात द्या," लिसेन्सियादा म्हणाल्या. "गुडघा धरलाय. उठता येत नाहीये."