नाकासमोरची फुलं

"काकू, आज अत्तर कोणी लावलंय गं इथे?"

पुतणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हवा हुंगत होती. काकूच्या हातातला चिमटा वाटीवरच थांबला. साठ वाट्यांपैकी चाळीस बाहेर हॉलमध्ये गेल्या होत्या, वीस समोर होत्या. प्रत्येकीत मटारचं थंडगार सूप आणि त्यावर मटारचंच एक पांढरं फूल.

"कोण लावणार? मी तर साबणसुद्धा बिनवासाचा वापरते," काकू म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला जोर लावावा लागला.

"मग कसला हा? गोड गोड आहे." पुतणी खांदे उडवून भाषणं कुठवर आलीत ते बघायला निघून गेली.

मटारच्या फुलाला वास असा नसतोच. पण त्याच्याच गोतातलं, तसंच दिसणारं स्वीटपी नावाचं एक फूल असतं. वास मोठा गोड, पण ते फुलदाणीत ठेवायचं. पोटात गेलं तर बाधतं. बावीस वर्षं काकू बशीवर फुलं मांडत आली होती. फुलांचं खोकं उघडलं की आधी नाक आत, मग हात. कामाला आलेल्या प्रत्येक मुलीला तिने हेच शिकवलं होतं.

चार महिन्यांपूर्वी ती तापाने पडली आणि उठली ती नाक गमावूनच. कॉफी नुसत्या गरम पाण्यासारखी लागायची. आज वास येईल, उद्या येईल म्हणत तिने कुणाला सांगितलं नाही. खोकं मात्र रोज हुंगत राहिली. आज सकाळीही, पुतणीच्या देखत.

तिने चष्मा पुसला आणि एक फूल उचलून उजेडात धरलं. मटारचं. दुसरंही मटारचंच. तिसऱ्याची पाकळी रुंद होती, कडेला चुण्या. सातव्याची पुन्हा तशीच.

एका फुलाने कुणी दगावत नाही हे तिला माहीत होतं. अर्धे लोक तर सजावट म्हणून फूल बाजूला काढून ठेवतात. या वीस वाट्यांतली फुलं गुपचूप काढली, खोकं कचऱ्यात टाकलं, तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. या हॉलमधल्या जेवणाचं काम पुतणीला पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि बाहेर बसले होते निवृत्त शिक्षक. कुणाचं हृदय नाजूक, कुणाच्या खिशात गोळ्यांची डबी.

काकूने चिमटा खाली ठेवला आणि एप्रनसकट हॉलमध्ये गेली.

आज निवृत्त होणाऱ्या शाळेच्या मोठ्या बाई बोलायला उभ्या होत्या. काकू सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"माफ करा बाई, पण आधी माझं ऐका. वाटीतलं फूल कुणी खाऊ नका. सूपसुद्धा तसंच ठेवा."

चमचे जागच्या जागी थांबले. "का हो? खायचं नसतं का ते?" कुणीतरी विचारलं.

"एरवी खायचंच असतं. आज त्यात चुकीचं फूल गेलंय. माझ्या हातून."

दाराजवळ उभ्या पुतणीचा चेहरा उतरला.

"मी खाल्लं की!" कोपऱ्यातून गणिताचे म्हातारे सर म्हणाले. "माझंही आणि शेजारणीचंही. तिचं वजा, माझं अधिक." दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

पुतणीने डॉक्टरांना फोन लावला. दोन फुलांनी बहुधा काही होणार नाही, ते म्हणाले, पण वय बघता दोन तास लक्ष ठेवा. उलटी झाली, घाम सुटला की तडक घेऊन या. पुतणीने गाडी दाराशी आणून उभी केली.

काकू सरांच्या समोर खुर्ची ओढून बसली. त्यांनी ढेकर दिला तरी ती दचकायची. त्यांनी कपाळ पुसलं तेव्हा ती उठूनच उभी राहिली.

"अहो, पंख्याचा वारा येत नाही इथे," सर म्हणाले. "इतकं टक लावून माझ्याकडे माझ्या बायकोनंही कधी बघितलं नव्हतं."

काकूला हसू आलं नाही. भिंतीवरचा काटा हलता हलत नव्हता. लोक उठून उभ्याउभ्या कुजबुजत होते, आणि "फुलं" हा शब्द तेवढा तिच्या कानावर येत होता. दोन तास उलटले, आणि पावणेचार वाजता सरांनी विचारलं, "चहा तरी मिळेल का, की त्यातही काही आहे?" तेव्हा कुठे ती खुर्ची सोडून चहा आणायला उठली.

स्वयंपाकघरात पुतणी वाट्या रिकाम्या करत होती.

"मळेवाल्याला फोन केला. नव्या माणसानं कुंपणाकडची स्वीटपीची फुलंही तोडलीत." ती वळली नाही. "पण खोकं तू हुंगलं होतंस. मी बघितलं."

"हुंगलं."

"मग?"

"मला वास येत नाही. चार महिने झाले."

नळ वाहत राहिला. पुतणीने तो बंद केला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला घरी बसवलं असतंस."

"हो, बसवलं असतं," पुतणी म्हणाली. "आणि आता?"

"आता तू सांगशील तसं."

पुतणीने तिच्याकडे एक कोरडं फडकं सरकवलं. दोघींनी मिळून भांडी पुसली आणि घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फुलांचं नवीन खोकं आलं. काकूने हात धुतले, पांढरं फडकं अंथरलं, झाकण काढलं. आत निळी, चांदणीसारखी फुलं होती. तिने नाक खाली नेलं नाही. खोकं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

पुतणी केस बांधत आली. खोक्याकडे आणि काकूकडे बघून तिने खुर्ची ओढली, वाकली, खोल श्वास घेतला. काकू तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कसा आहे गं?"

"हलकाच. काकडीसारखा."

काकूने 'बरोबर' म्हणून मान हलवली आणि पहिलं फूल उचललं.