कडू कसाव्याचे पान

मित्रांनो, मला कागद नाही, शाई नाही; तरी मी एक जुने पान आहे. इंटरनेटवरच्या, कोणीही लिहू शकेल अशा चिचेवा भाषेतील ज्ञानकोशात माझे घर आहे. न्काता बे गावच्या लोंग्वे मास्तरांनी तीन ओळी लिहून मला जन्म दिला. विषय होता कडू कसावा. तुम्ही ज्याचा साबुदाणा खाता, तोच कंद.

मग अनोळखी माणसे येऊ लागली. एकाने शुद्धलेखन सुधारले, एकीने छायाचित्र लावले, कोणी मला कंदमुळांच्या वर्गात नेऊन बसवले. माझे अंग भरत गेले.

एकदा कोणीतरी लिहून गेले, ‘सोललेला कंद एक दिवस भिजवला तरी पुरे.’ लुसुंगू नावाच्या मुलीने ती ओळ मोबाइलवर आपल्या मावशीला वाचून दाखवली. न्यामांडा मावशी बाजारात कसाव्याचे पीठ विकत असे.

“एक दिवस? लिहिणाऱ्याने कधी कंद भिजवलाय का? चांगले तीन-चार दिवस लागतात! बोटाने दाबला की मऊ लागला पाहिजे, नाहीतर कंदातलं विष जातं पोटात. पूस आधी ते!”

लुसुंगूने ओळ पुसली. पण झोम्बा शहरातील परिचारिका एस्नार्ट माझ्यावर लक्ष ठेवून असे. कारण न देता मजकूर गेलेला पाहून तिने तो परत आणला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात कोणी वाचून चूल पेटवली तर?

अखेर लुसुंगूने माझ्या चर्चेच्या पानावर लिहिले, “ताई, माझी मावशी चाळीस वर्षं हे पीठ करतेय. ती खोटं कशाला बोलेल?”

“मावशी खरीच असेल गं,” एस्नार्टने उत्तर दिले, “पण वाचणाऱ्याने मावशीला कुठे गाठायचं? छापील आधार हवा. जिवाशी खेळ नको, तोवर ओळ मीच काढते.”

लोंग्वे मास्तरांनी शाळेच्या कपाटातून शेतीची जुनी पुस्तिका शोधली. तीत चार दिवस लिहिले होते, बोटाने दाबायची खूणही होती. चार दिवसांची नवी ओळ माझ्यात आली, आणि पुस्तिकेचे नाव व पृष्ठक्रमांक माझ्या तळाशी आले.

“म्हणजे पुस्तकाला माझं पटलं म्हणायचं!” मावशी हसली.

ती चुकीची ओळ माझ्या बदलांच्या इतिहासात अजून आहे; कोणी लिहिली, कोणी काढली, सगळे दिसते. मला त्याची लाज नाही, अभिमानच आहे.

पुढे एका वर्षी मका जळाला आणि मक्याची सवय असलेली माणसे कसावा विकत घेऊ लागली. तेव्हा एका आठवड्यात मला जितक्यांनी वाचले, तितक्यांनी आधी कधीच वाचले नव्हते. एस्नार्टने चर्चेत लिहिले, “लुसुंगू, आज दवाखान्यात एक बाई आली होती. भिजत घातलेले कंद दुसऱ्याच दिवशी पाण्यातून काढायला निघालेली. आपलं पान वाचून दाखवलं. कंद अजून पाण्यातच ठेवते म्हणाली.”

मित्रांनो, माझ्यात चूक दिसली तर हसून पुढे जाऊ नका. दुरुस्त करा, आणि तुम्हाला ते कुठून कळले तेही लिहा. कुठेतरी एखादी आई कंद भिजत घालून मला वाचत असते.