पांढऱ्या ठिपक्याची गोगलगाय

मित्रांनो, मी एक जुनी समुद्री गोगलगाय आहे. जुनी म्हणजे इतकी, की समुद्र हटला, त्या जागी नदी आली आणि मी दगड होऊन तिच्या काठात पडून राहिले. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं तुम्ही म्हणता. माझ्या पोटात नुसती घट्ट वाळू आहे. त्यामुळे मला फारसं काही वाटत नाही. आधीच सांगते, म्हणजे नंतर माझ्याकडून रडण्याची अपेक्षा नको.

मला काठातून काढलं ते दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी. दात कोरायच्या हत्याराने त्यांनी माझी वेटोळी मोकळी केली आणि जुन्या टूथब्रशने घासली. “आ करा म्हणावं लागत नाही, हे बरं,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि त्यावर काळ्या शाईने बारीक आकडा घातला: सतरा. वहीत सतरासमोर लिहिलं, मी काठाच्या कोणत्या थरात, किती खोल सापडले ते. अशा आम्ही एक्केचाळीस जणी, सहा वर्षांत जमवलेल्या. पुढे पूर अडवायला काठावर काँक्रीटची भिंत झाली आणि ते थर कायमचे झाकले गेले. संग्रहालयाच्या बाई सोमवारी आम्हाला न्यायला येणार होत्या.

रविवारी डॉक्टर केस कापायला गेले. घरात त्यांची थोरली बहीण होती. कोणी येणार म्हटलं की ताईंच्या हाताला चैन पडत नसे. त्यांनी थिनरचा बोळा घेतला आणि एकेकीचा ठिपका पुसला. डॉक्टर परतले तेव्हा आम्ही टॉवेलवर लखलखीत पडलो होतो.

“किती डाग होते रे यांच्यावर,” ताई म्हणाल्या. “सगळे काढले.”

डॉक्टर खुर्चीत बसले. “ताई, ते डाग नव्हते.”

वहीत ना चित्र होतं, ना फोटो. कोणती गोगलगाय कोणत्या आकड्याची, हे त्यांनाही सांगता येईना. सोमवारी बाईंनी मला तळहातावर उलटसुलट करून पाहिलं. “सुंदर आहेत. पण कुठल्या थरातल्या हेच माहीत नाही, तर नेऊन काय करू?” रिकामी खोकी घेऊन त्या गेल्या. डॉक्टरांनी वही कपाटावर टाकली. ताई दोन दिवस भरल्या ताटावरून उठल्या. मला काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताईंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत फळीवर मांडलं आणि पुढे ठळक अक्षरांत चिठ्ठी ठेवली: ‘नदीकाठच्या गोगलगाई. थर माहीत नाही. आकडे मी पुसले.’

“काढ गं ती,” डॉक्टर म्हणाले. “लोक वाचतात.”

“वाचू देत. यांच्याबद्दल खरं सांगता येईल असं तेवढंच राहिलंय.”

मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी तो डागच आहे ना, एवढं विचारा. दगडाने याहून जास्त काय सांगावं? ताई अजून रोज सकाळी फळीवरून फडकं फिरवतात. चिठ्ठीपाशी आलं की ते थांबतं आणि कडेने पुढे जातं. चिठ्ठीवर आता धुळीचा थर आहे, पण ताई तिला हात लावत नाहीत.